घोळीची जागा

गणपती पाण्यात गेले, देवदांड्याच्या होड्या पुन्हा समुद्रात उतरल्या, आणि त्याच आठवड्यात केतकी मालंडकरला वाटलं की आपलं यंत्र बिघडलं.

यंत्र साबणाच्या वडीपेक्षा फार मोठं नव्हतं. देवदांडा मच्छीमार सहकारी सोसायटीच्या बर्फ कारखान्यावर एक लांबट खोली होती, तिथल्या टेबलावर ते असायचं. सोसायटीच्या प्रत्येक होडीने परतताना समुद्राच्या पाण्याची एक बाटली भरून आणायची, आणि सेक्रेटरी म्हणून केतकीने ते पाणी गाळून यंत्राला द्यायचं, असा शिरस्ता होता. त्या सकाळी तिच्या धाकट्या भावाने, सर्वेशने, आणलेल्या बाटलीत तिला घोळ सापडली. म्हणजे मासा नव्हे, माशाची खूण. पण ती इतकी दाट होती की तिचा विश्वास बसेना. तिने गाळणी बदलली, यंत्र धुतलं, उरलेलं पाणी पुन्हा घातलं. उत्तर तेच.

सर्वेश खाली बर्फ भरत होता. तिने त्याला जिन्यातून हाक मारली.

"ह्या पाणी भरलंस थय काय दिसला तुका?"

"काय नाय. साधा पाणी," तो म्हणाला. मग फावडं टेकवून म्हणाला, "पण खालसून आवाज येत होतो. कोणीतरी लांब ढोल वाजवल्यासारो. होडयेच्या फळयेक कान लावलंय तर बरोबर ऐकाक इलो."

केतकी दोन पायऱ्या खाली उतरली. घोळ हा बोलणारा मासा. विणीच्या दिवसांत नर पोटातला फुगा थरथरवून आवाज काढतात, हे तिने पुस्तकात वाचलं होतं. सर्वेशने तो आवाज आयुष्यात कधी ऐकला नव्हता, कारण त्याला कळायला लागल्यापासून देवदांड्याच्या समोर घोळीचे थवे उरलेच नव्हते.

"उद्या परत थयच जा," ती म्हणाली. "पाणी तेवढा घेवन ये. जाळा टाकू नको."

सर्वेशने तिच्याकडे नीट पाहिलं. तो मूर्ख नव्हता.

*

मासा पोहत जातो तेव्हा मागे काही ना काही सोडत जातो. खवल्यांचे कण, अंगावरचा बुळबुळीत थर, विष्ठा. त्या प्रत्येक कणात त्याचा डीएनए असतो. एक-दोन दिवसांत तो विरून जातो, पण तोवर लिटरभर पाणी गाळलं तरी त्या पाण्यातून कोण कोण गेलं ते वाचता येतं. मात्र नुसती अक्षरं वाचून भागत नाही, कुठली अक्षरं कुठल्या माशाची ते सांगणारा कोश लागतो. शिवाय प्रवाह त्या कणांना वाहून नेतात, म्हणून कण इथे मिळाला तर मासा कुठे होता, याचं उलटं गणित मांडावं लागतं.

तो कोश आणि ते गणित कुठल्या कंपनीने केलेलं नव्हतं. ते 'थेंब' नावाच्या एका प्रकल्पात घडलं होतं. थेंबला कचेरी नव्हती, मालक नव्हता, कुणाला पगार नव्हता. जगभरचे विद्यार्थी, निवृत्त शिक्षक, बंदरांवरची माणसं आपापल्या घरी बसून त्यात भर घालत. एकाने केलेली दुरुस्ती दुसऱ्या दोघांनी तपासायची आणि मग ती सगळ्यांची. नियम एकच होता. थेंबमधून घ्याल ते मोकळं, थेंबमध्ये टाकाल तेही मोकळं.

प्राणिशास्त्राची पदवी घेऊन केतकी गावी परतली तेव्हा ती थेंबमध्ये शिरली आणि रमली. कोकण किनाऱ्याच्या प्रवाहांचं गणित तिनेच सुधारलं होतं. या कामात तिच्या बरोबरीने बसायची ती सेल्वी, तमिळनाडूच्या दक्षिण टोकाकडल्या एका मच्छीमार गावातली शाळामास्तरीण. तिथेही मच्छीमारांची सोसायटी होती आणि सेल्वी तिचं हेच काम पाहायची. दोघी कधी भेटल्या नव्हत्या. एकमेकींची भाषाही त्यांना येत नव्हती. कानातलं यंत्र भाषांतर करून सांगायचं, ते इतक्या शुद्ध मराठीत की सर्वेश हसायचा. म्हणायचा, "तुझी मैत्रीण बातम्या देता काय गो?"

थेंबमुळे सोसायटीच्या होड्यांचं वणवण भटकणं थांबलं होतं. मासा कुठे आहे ते नकाशावर दिसायचं. पण तो नकाशा सगळ्यांनाच दिसायचा. गेल्या हिवाळ्यात बांगड्याचा मोठा थवा समोर आला, तेव्हा देवदांड्याच्या होड्या पोचायच्या आत बाहेरच्या मोठ्या बोटी दिवे लावून तिथे उभ्या होत्या. त्यांनी एका फेरीत थवा साफ केला. तेव्हापासून गावात केतकीकडे बघून लोक म्हणायचे, "थेंब थेंब करता करता दर्यो गेलो."

दुसऱ्या दिवशीच्या बाटलीने शंका उरू दिली नाही. पेशीत डीएनए दोन ठिकाणी असतो. एक केंद्रकात, आणि दुसरा मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीची ऊर्जा जिथे तयार होते तिथे. एरवी पाण्यात माशाच्या दुसऱ्या प्रकारच्या डीएनएचा भरणा जास्त असतो. पण नराचं वीर्य म्हणजे जवळजवळ निव्वळ केंद्रकं. मासे विणीला जमले आणि वीर्य पाण्यात सुटलं की पारडं एकदम फिरतं. सर्वेशच्या दोन्ही बाटल्यांत ते फिरलेलं होतं. केतकीने थेंबच्या जुन्या नोंदी धुंडाळल्या. हे पारडं कुणी असं मोजून पाहिलेलं नव्हतं. समुद्राच्या एका बाटलीवरून, जाळं न टाकता, मासे कुठे वितात ते सांगण्याची रीत तिच्या हाती लागली होती.

आनंदाने तिने टेबलावर हात आपटला. मग ती तशीच बसून राहिली. वीण करणारी घोळ म्हणजे एका जागी दाटीवाटीने जमलेले, पळून न जाणारे, पोटात गाभोळी, म्हणजे अंडी, असलेले मासे. आणि त्यांच्या पोटातल्या फुग्याला परदेशात सोन्यासारखी मागणी. ही रीत थेंबमध्ये गेली की नकाशावर त्या जागी ठिपका पडणार. बांगड्याच्या वेळी जे झालं ते घोळीच्या बाबतीत झालं, तर इथे पुन्हा घोळ जन्माला येणार नव्हती.

त्या दिवशी तिने बाटल्यांचे आकडे थेंबमध्ये भरले, पण केंद्रकाच्या डीएनएचा रकाना रिकामा सोडला. नकाशावर आता एवढंच दिसणार होतं की तिथून घोळ गेली, ती तिथे वितेय हे नाही.

*

सर्वेश संध्याकाळी तिच्या घरी आला. ओसरीवर बसला, चहा घेतला.

"घोळ आसा ना थय?"

केतकीने चहाचं भांडं उचलून आत ठेवलं.

"माका एकदाच जावंक दी," तो म्हणाला. "एकदाच. किती वर्सा मी दुसऱ्याच्या होडयेर वाट्यान जातंय? एका फेरयेत माझी सोताची होडी होयत. मगे मी तुझ्याच बाजून उभो रवतंय, जागा बंद करा म्हणान."

"एकदा तू गेलंस तर उद्या तुझ्या पाठसून सगळे जातले. तेंका काय सांगू?"

"सांग, भाव होतो म्हणान."

"सर्वेश, ती वितत रे. आता मारलीस तर पुढल्या वर्सा कोण येतली?"

तो उठला. त्याने कप खाली ठेवला. "तू कोणाकोणाक सांगतंस, कोण खयचे ते तुका ठावकसुद्धा नाय. सगळ्या जगाक दर्यो उघडो करून दिलंस. आणि भाव दारात इलो की दार बंद?"

तो गेल्यावरही ते वाक्य ओसरीवर राहिलं. केतकीला त्याचा राग आला नाही. तिला वाटलं, त्याच्या जागी मी असते तर हेच बोलले असते.

*

सेल्वीचा फोन दोन दिवसांनी आला.

"तुझ्या नोंदीत एक पोकळी आहे," कानातल्या यंत्राने तिचं बोलणं शांतपणे मराठीत सांगितलं. "घोळीच्या दोन नमुन्यांत एक रकाना कोरा आहे. तू असे कधी करत नाहीस. यंत्र नादुरुस्त आहे काय?"

हो म्हणणं सोपं होतं. केतकीने खिडकीतून खाली पाहिलं. बर्फाच्या लाद्या फोडण्याचा आवाज येत होता.

"यंत्र चांगलं आहे," ती म्हणाली. "मी लपवलं." आणि तिने सगळं सांगितलं.

सेल्वीने सगळं ऐकून घेतलं. मग सेल्वी बोलायला लागली, आणि भाषांतर करणाऱ्या आवाजात चढउतार नसले तरी तिचा स्वतःचा आवाज मागे ऐकू येत होता. तो दुखावलेला होता.

"आमच्या उपसागरातली घोळ संपत आली आहे. सोसायटीतल्या बायका मला विचारतात, सरकारला आम्ही कोणती जागा राखायला सांगू? मला ठाऊक नाही. कुणालाच ठाऊक नाही. तुझ्याकडे ते शोधण्याचा मार्ग आहे, आणि तो तू माझ्या वेळेने, माझ्या नजरेने तपासलेल्या कोशावर उभा केला आहेस. तो तू कुलपात ठेवलास तर तुझ्यात आणि कंपनीत काय अंतर राहिले?"

"मग उघडं करू आणि मोठ्या बोटींना बोलावू?"

"ते मला ठाऊक नाही," सेल्वी म्हणाली. "मी एवढेच जाणते की मी तुझे आकडे आजवर डोळे मिटून मान्य करत आले."

फोन बंद झाला. केतकी यंत्रासमोर बसली. तिला वाटत होतं, सर्वेश बरोबर आहे आणि सेल्वीही बरोबर आहे. एकाला दिलं तर दुसऱ्याचं जातं. पण खरंच जातं का? सेल्वीने ही रीत घेतली म्हणून देवदांड्याची रीत कमी होणार नव्हती. उलट तिकडून चार सुधारणा आल्या असत्या. कमी होणार होती ती घोळ. घोळ एकाने नेली की दुसऱ्याला उरत नाही. थेंबने दोन्ही गोष्टी एकाच पारड्यात घातल्या होत्या, कसं शोधायचं ते आणि कुठे आहे ते. इतकी वर्षं आपण एकाच बटणाने दोन्ही पाठवत आलो, हे तिच्या आता लक्षात आलं.

*

सोसायटीच्या अध्यक्ष होत्या सुहासिनी कुबल. सगळं गाव त्यांना काकी म्हणायचं. तरुणपणी त्या बंदरावर माशांचा लिलाव पुकारायच्या आणि सभेतही त्यांना माईक लागायचा नाही. केतकीचं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "ह्या तू एकट्यान ठरवलंस काय?"

"नाय काकी. म्हणान तर इलंय."

"बरा केलंस. सभा लावया."

सभा जाळी विणायच्या शेडमध्ये भरली. पुरुष, बायका, सगळे सभासद आले. केतकीने सोप्या शब्दांत रीत समजावली आणि मग आपला ठराव मांडला. शोधायची रीत थेंबमध्ये सगळ्यांसाठी टाकायची. जागा मात्र कुणाला दाखवायची नाही. ज्यांच्या होड्यांनी पाणी भरलं, त्यांच्या सोसायटीकडे जागेची किल्ली, म्हणजे नकाशावर ती जागा फक्त त्यांनाच उघडता येईल. आणि त्या जागेवर वीण संपेपर्यंत कुणीच जाळं टाकायचं नाही. आपणही नाही.

गलका झाला. कुणी म्हणालं, रीत तरी फुकट कशाला द्यायची? कुणी म्हणालं, आपण नाही गेलो तर बाहेरचा जाईल, मग आपण काय बघत बसायचं? केतकी एकेकाला उत्तर देत होती, पण या शेवटच्या प्रश्नाला तिच्याकडे पुरतं उत्तर नव्हतं, आणि तसं तिने सांगितलं.

मग सर्वेश उभा राहिला. शेड शांत झाली, कारण बाटली कुणी भरून आणली ते सगळ्यांना ठाऊक होतं.

"जागा माका ठावक आसा," तो म्हणाला. "मी अजून थय जाळा टाकूक नाय, ह्या माझ्या भयणीक इचारू नकात, माका इचारा. मी ह्या ठरावाच्या इरोधात हात वर करतलंय. एक फेरी सोसायटीन सगळ्यांनी मिळान मारूक होई, असा माझा म्हणणा आसा. काय ता मोजा आणि सांगा."

काकींनी हात मोजले. एका माणसाला एक मत, होडी असो वा नसो. ठराव थोडक्या मतांच्या फरकाने मंजूर झाला. सर्वेशचा हात विरोधात होता आणि तो त्याने सगळ्यात उंच धरला होता.

"झालो ठराव," काकी म्हणाल्या. "सर्वेशा, तुझा काय?"

"झालो तर झालो," सर्वेश म्हणाला आणि केतकीकडे न बघता बाहेर गेला.

*

थेंबमध्ये मत मोजायची सोय नव्हती. तिथे कुणी कुणाला बांधलेलं नव्हतं. केतकीने रीत मांडली, कोरे सोडलेले रकाने भरले, का कोरे सोडले होते तेही लिहिलं, आणि जागेची किल्ली त्या त्या किनाऱ्याकडे राहील अशी दुरुस्ती सुचवली. चर्चा आठवडाभर पेटली. बऱ्याच जणांना ते पटलं नाही. काही चिडून म्हणाले, मोकळं म्हणजे मोकळं, आज जागा झाकली, उद्या काय झाकाल? सेल्वीने पहिल्या दिवशी सगळी चर्चा नुसती वाचली. दुसऱ्या दिवशी तिने केतकीची दुरुस्ती ओळ न् ओळ तपासली, दोन चुका काढल्या आणि खाली आपल्या संमतीची खूण केली.

विरोधकांतल्या एका गटाने सगळा प्रोग्रॅम उचलून त्याची नक्कल उभी केली. तिथे सगळं सगळ्यांना दिसणार होतं. तसं करायला थेंबच्या नियमाने त्यांना पूर्ण मुभा होती. केतकीने धास्तावून ती नक्कल रोज उघडून पाहिली. नकाशा सुंदर होता. पण तो दिवसेंदिवस फिका पडत गेला. प्रोग्रॅमची नक्कल करता येत होती, पण त्याला रोज ताजं पाणी लागायचं, आणि पाणी भरून आणणाऱ्या होड्या सोसायट्यांच्या होत्या. एकेका किनाऱ्यावरून निरोप येत गेला की आमच्या बाटल्या आम्ही थेंबलाच देऊ, कारण तिथे जागेची किल्ली आमच्याकडे राहते. शेवटी त्या गटातले काही जण परत आले. त्यांनी किल्लीचं कुलूप आणखी पक्कं कसं करायचं ते दाखवलं. ते कामाला चोख होते आणि केतकीने त्यांचे मनापासून आभार मानले.

तरीही एक दिवस बाहेरची बोट आली. नकाशा बघून नव्हे, अशीच वास काढत. उन्हं कलताना काकींचा फोन आला तेव्हा केतकी धावत धक्क्यावर गेली. मोठी बोट जागेपासून फार लांब नव्हती. आणि तिच्या वाटेत देवदांड्याची एक लहान होडी इंजिन बंद करून आडवी उभी होती. होडी दुसऱ्याची होती, पण दुर्बिणीतून पाहिलं तर आत सर्वेश होता. एकटाच. बसून बिडी ओढत होता.

थोड्या वेळाने दुसरी होडी त्याच्याकडे निघाली, मग तिसरी. ज्यांनी विरोधात हात वर केले होते त्यांच्याही होड्या होत्या. भांडण झालं नाही. कुणी ओरडलंही नसावं, निदान धक्क्यापर्यंत आवाज आला नाही. त्या नुसत्या उभ्या राहिल्या. मोठी बोट काही वेळ घुटमळली आणि तोंड फिरवून उत्तरेला गेली.

धक्क्यावर उतरल्यावर सर्वेश केतकीजवळून पुढे गेला. दोन पावलांवर थांबून म्हणाला, "माझा मत अजून इरोधातच आसा हां."

"म्हायत आसा," केतकी म्हणाली.

*

भाऊबीजेला तो येईल की नाही याची तिला खात्री नव्हती. तिने पाट मांडून ठेवला होता, रांगोळी काढली होती, आणि दुपार टळत आली तशी तिची नजर सारखी वाटेकडे जात होती. तो उशिरा आला. येऊन पाटावर बसला. तिने ओवाळलं. त्याने खिशात हात घातला, मग हसला, आणि पिशवीतून पाण्याची बाटली काढून तबकात ठेवली. तबक एका बाजूला कललं.

"आजचीच," तो म्हणाला. "थयलो आवाज बंद झालो. बघ काय म्हणता तुझा यंत्र."

यंत्राने सांगितलं की वीण पार पडली. पारडं पुन्हा नेहमीच्या जागी आलं होतं. घोळ वाढायला वर्षं लागतात, पिल्लं किती जगली हे कळायला आणखी काही पावसाळे जावे लागणार होते, आणि सर्वेशची स्वतःची होडी अजून कुठेच दिसत नव्हती. त्या संध्याकाळी भावंडं ओसरीवर करंज्या खात बसली.

पुढच्या वर्षी, उन्हाळा सुरू होता होता, सेल्वीचा फोन आला. या वेळी तिने चेहरा दाखवला. ती होडीत उभी होती, केस वाऱ्याने उडत होते, मागे बायकांच्या हसण्याचा आवाज होता.

"सापडली!" ती ओरडली. कानातलं यंत्र नेहमीच्या शांतपणे म्हणालं, "प्राप्त झाली." केतकी हसू आवरू शकली नाही.

"आमच्या बायकांनी बाटल्या भरल्या," सेल्वी सांगत होती. "तीच खूण. तुझीच रीत. आम्ही आता तिथूनच परत निघालो आहोत. सोसायटीने काल ठराव केला. केतकी, ही जागा..."

"सेल्वी," केतकीने तिला अडवलं. "तुझ्या मागे टेकडी दिसतेय. आणि दीपस्तंभही. कॅमेरा खाली कर."

सेल्वीने चमकून मागे वळून पाहिलं. मग ती मोठ्याने हसली आणि तिने फोन खाली वळवला. पडद्यावर आता होडीचा ओला तळ होता, पाण्याच्या बाटल्यांची एक टोपली होती आणि सेल्वीची अनवाणी पावलं. त्या पावलांकडे बघत केतकी बराच वेळ तिच्याशी बोलत राहिली.